ट्रॅक्टरचीं जुनीं अवजारें आणि नवी जोडणी

शेतीच्या यंत्रांचा विषय निघाला म्हणजे शहरांतील सुशिक्षित श्रोत्याच्या डोळ्यांपुढें ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॅक्टरच्या मागें काय असतें याचा विचार सहसा होत नाहीं. वस्तुतः जमिनीचें काम ट्रॅक्टर करीतच नाहीं. जमीन उलथतो तो नांगर, ढेकळें फोडतो तो रोटाव्हेटर, बीं मातींत टाकतें तें पेरणीयंत्र. ट्रॅक्टर त्यांना ओढतो, उचलतो आणि प्रसंगीं फिरवितो, एवढेंच. यंत्रशेतीचें बरेंचसें मर्म ट्रॅक्टरचें मागचें अंग आणि अवजाराचें पुढचें अंग यांच्यामधील हातभर जागेंत सांठलेलें आहे. माणसाचा हात, आणि कधीं कधीं सबंध माणूसच, सांपडतो तोहि याच जागेंत.

उदाहरणासाठीं वाशीम जिल्हा घ्यावा. वऱ्हाडच्या बालाघाटांतील, म्हणजे घाटावरच्या भागांतील, हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाशीम शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची तेथें राजधानी होती. परंतु प्रस्तुत विषयापुरतें तेथल्या राजांपेक्षां तेथल्या मातीला महत्त्व अधिक आहे. ही माती काळी. उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यांत पायाला चिकटली म्हणजे सुटतां सुटूं नये अशी. ती फार ओली असून चालत नाहीं आणि फार कोरडी असूनहि चालत नाहीं. मधली जी योग्य ओल तिला शेतकरी वाफसा म्हणतो. खरिपाचें मुख्य पीक सोयाबीन, जोडीला तूर. शेती बहुतांशीं पावसावर. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीन पेरूं नये अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. तेवढा पाऊस पडला आणि वाफसा आला म्हणजे पुढच्या थोड्या दिवसांत सबंध गांवाची पेरणी उरकावयाची असते; आणि ट्रॅक्टर कांहीं प्रत्येकाच्या घरीं नसतो.

अशा दिवसांत ज्याच्याजवळ ट्रॅक्टर आहे तो स्वतःच्या शेताबरोबर भाड्यानें दुसऱ्यांचींहि शेतें करून देतो. सकाळीं एकाकडे कल्टिव्हेटर, दुपारीं दुसऱ्याकडे पेरणीयंत्र, तिसऱ्याच्या पडीक तुकड्यांत रोटाव्हेटर. प्रत्येक वेळीं एक अवजार सोडावयाचें व दुसरें जोडावयाचें. चालक ट्रॅक्टर मागें घेतो. त्याचा नेम चार बोटें चुकतो. खालीं उतरून तो ट्रॅक्टरची डावी भुजा अवजाराच्या पिनेवर चढवितो; मग उजवी, तिची उंची फिरकीच्या दांड्यानें खालवर करून; शेवटीं वरचा दांडा, ज्याला सर्वजण टॉप लिंक म्हणतात तो. भोंकें जुळत नाहींत. मग पहार येते, हातोडा येतो, आणि घरांतला एखादा मुलगा मागें उभा राहून “अजून थोडा मागं, दादा” असें ओरडूं लागतो. तो जेथें उभा आहे ती जागा मोठ्या चाकांच्या मध्यें आणि अवजाराच्या पुढें आहे. दादाचा चिखलानें माखलेला पाय क्लचवरून निसटला, तर ट्रॅक्टर हातभर मागें येण्यास श्वास घेण्याइतकाहि वेळ लागत नाहीं.

या हातभर जागेंतून माणसाला बाहेर काढणें हा ‘क्विक हिच’ नांवाच्या साधनाचा खरा हेतु होय. वेळ वांचतो, पाठीचे श्रम वांचतात, हे लाभ खरेच. पण ते मागाहूनचे. मराठींत त्याला झटजोड असें कोणी म्हटल्यास हरकत नाहीं. तथापि बाजारांत तें इंग्रजी नांवानेंच मागावें लागतें, आणि वर्णन करतांना नुसतें ‘चौकट’ म्हटलें तरी भागतें.

चौकटीकडे वळण्यापूर्वीं बैलांकडे एकवार पाहणें उपयोगाचें आहे. बैलशेतींत अवजार जोडण्याचा प्रश्न असा कधीं पडलाच नाहीं. एकच जूं; त्याला सकाळीं वखर, दुपारीं तिफन, पुढें पीक वर आल्यावर डवरा. अवजाराची दांडी जुंवावर ठेवावयाची आणि दोराचे वेढे द्यावयाचे. दांडी बोटभर जाड असली किंवा वीतभर लांब असली तरी दोर तें सारें सांवरून घेई. गांवचा सुतार तेंच जूं आणि तींच अवजारें पिढ्यान्‌पिढ्या घडवी, त्यामुळें मापें त्याच्या हातांतच असत. आणि हातून चुकलें तें दोर संभाळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर बाजारांत आणला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांनीं घेतली. परंतु हा नांगर आपल्या बैलांना जुंपतां येईल कीं नाहीं, ही शंका घेण्याचें कारण कोणालाच पडलें नाहीं.

ट्रॅक्टरच्या आरंभींच्या काळांत हीच रीति चालली. दोराच्या जागीं साखळी आली, आणि ट्रॅक्टर नांगराला बैलाप्रमाणें मागून ओढूं लागला. परंतु बैलाची जोडी मोठ्या धोंड्याशीं नांगर अडला म्हणजे थांबते. इंजिनाला तितकी समज नसते. नांगर अडकला आणि मागचीं चाकें फिरतच राहिलीं, तर ट्रॅक्टरचें तोंड वर उचलून तो मागें उलटे, आणि चालक त्याच्याखालीं सांपडे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञानें हा प्रश्न हातीं घेतला. त्यानें नांगर ओढावयाचें सोडून तो ट्रॅक्टरच्या अंगालाच तीन ठिकाणीं बांधला: खालीं दोन भुजा, वर मध्यभागीं एक दांडा. जमिनीचा विरोध वाढला म्हणजे नांगराचा माथा पुढें झुकूं पाहतो, वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढें रेटतो, आणि तोंड वर उचलण्याऐवजीं पुढचीं चाकें जमिनीला धरून राहतात. खालच्या भुजा तेलाच्या दाबानें वरखालीं होत असल्यामुळें चालकाला बसल्या जागेवरून अवजार उचलतां येतें. १९३६ सालीं ही रचना असलेला त्याचा ट्रॅक्टर इंग्लंडांत विक्रीस आला, आणि १९३९ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून ती अमेरिकेंत पसरली. पुढें इतर कारखानदारांनींहि तीच उचलली. आज भारतांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व शेतकी ट्रॅक्टरांच्या मागें हेच तीन बिंदु असतात, आणि त्यांच्या मापांसाठीं आय. एस. ४४६८ या क्रमांकाचें भारतीय मानक आहे.

दोराकडून पिनेकडे येतांना काय घडलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जोडणी मजबूत झाली, सुरक्षित झाली. पण माप कडक झालें. तरी फर्ग्युसनच्या रचनेंत थोडी मोकळीक उरली होती. भुजांच्या टोकांना सर्व बाजूंनीं फिरणारे गोल असतात, टॉप लिंक आट्यांवर लांब-आंखूड होते, बाजूच्या साखळ्या ढिल्या करतां येतात. शिवाय माणूस स्वतः खालीं उतरून, हातानें ढकलून, उरलीसुरली चूक सांवरतो. क्विक हिचमध्यें हा सांवरणारा माणूसच काढून घेतला आहे. तेव्हां त्याच्या हातानें जी चूक भरून निघत होती, ती आतां अवजारांत राहतां उपयोगीं नाहीं. ट्रॅक्टरला चौकट लावण्याचें काम अर्ध्या तासाचें असतें. खरें काम असतें तें अंगणांत पडलेल्या चारपांच जुन्या अवजारांचें.

चौकटीची घडण सोपी आहे. उलट्या ‘यू’ अक्षराच्या आकाराची जाड पोलादी चौकट ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंना कायमची बसवितात. तिच्या खालच्या दोन टोकांना वरच्या बाजूस उघडे असे दोन जबडे असतात, आणि माथ्यावर मध्यभागीं एक आंकडा. चालक चौकट खालीं करून ट्रॅक्टर मागें घेतो, माथ्याचा आंकडा अवजाराच्या वरच्या पिनेखालीं नेतो आणि चौकट उचलूं लागतो. अवजार त्या आंकड्याला लटकून स्वतःच्या भारानें पुढें झुलतें, त्याच्या खालच्या दोन पिना जबड्यांत बसतात, आणि स्प्रिंगच्या कड्या वरून मिटतात. सोडतांना दोन खटके ओढून कड्या उघडावयाच्या, चौकट खालीं घ्यावयाची, आणि ट्रॅक्टर पुढें काढावयाचा.

जुन्या अवजाराला हें जमावें यासाठीं पहिली गोष्ट पाहावयाची ती खालच्या दोन पिनांमधील अंतर. तिहेरी जोडणीचे वर्ग ठरलेले आहेत. पहिल्या वर्गांत हें अंतर ६८३ मिलीमीटर, म्हणजे २७ इंचांना किंचित् कमी. दुसऱ्या वर्गांत ८२५ मिलीमीटर, म्हणजे साधारण ३२॥ इंच. साध्या जोडणींत पहिल्या वर्गाचें अवजार दुसऱ्या वर्गाच्या ट्रॅक्टरला भुजा आंत ओढून, पिनेवर कडें चढवून कसेंबसें लावतां येतें, आणि गांवोगांव तसें लावलेलें दिसतेंहि. चौकटीचे जबडे मात्र आंत ओढतां येत नाहींत. म्हणून अवजाराच्या कानांच्या जागा बदलाव्या लागतात, किंवा पिन कानाच्या आंतून बाहेर न काढतां बाहेरून आंत अशी उलटी बसवून अंतर सांवरावें लागतें. कांहीं जुन्या अवजारांत पिन दोन पट्ट्यांच्या मध्यें बसविलेली असते. ती मजबूत खरी. पण दोन पट्ट्यांच्या मध्यें जबडा शिरेल इतकी जागा नसेल तर त्या मजबुतीचा उपयोग नाहीं.

दुसरी गोष्ट पिनेची जाडी. वेल्डिंगच्या दुकानांत अजूनहि इंच आणि सूत यांचा हिशेब चालतो. आठ सुतांचा एक इंच. पहिल्या वर्गाची खालची पिन सात सुतांची, वरची सहा सुतांची. दुसऱ्या वर्गाची खालची नऊ सुतांची, वरची आठ सुतांची. चौकटीचे जबडे याहून मोठे असतात, कारण ते पिनेसाठीं नसून पिनेवर चढविलेल्या पोलादी नळीसाठीं, म्हणजे बुशासाठीं, केलेले असतात. अमेरिकन प्रमाणाच्या चौकटींत पहिल्या वर्गाच्या खालच्या बुशाची बाहेरची जाडी साडेअकरा सूत आणि वरच्या बुशाची दहा सूत असते. बूश लेथवर सहज होतात; मात्र ते पिनेवर ठोकून घट्ट बसवूं नयेत. ते फिरते असावेत आणि बाहेरून क्लिपनें अडविलेले असावेत. बूश शेतांत गळून पडला, तर बारीक पिन रुंद जबड्यांत आदळत राहते, कडीवर मार बसतो, आणि मग एखादे दिवशीं कडी उघडते.

येथें एक इशारा आवश्यक आहे. झिजलेली पिन कानालाच वेल्डिंगनें डागून टाकण्याची जी रीत सर्रास आढळते ती घातक आहे. पिनेचें पोलाद साध्या पट्टीसारखें नसतें. तें उष्णतेचे संस्कार देऊन कठीण केलेलें असतें. त्यावर वेल्डिंगचा ताप पडला म्हणजे तें कोठें मऊ तर कोठें ठिसूळ होतें, आणि भार आला कीं डागाच्या कडेलाच तुटतें. पिन नवी आणावी. तिची किंमत अवजाराच्या मानानें क्षुल्लक असते.

तिसरी गोष्ट सर्वांत त्रासाची: अवजाराचा माथा. पहिल्या वर्गाच्या जुन्या अवजारांत वरच्या पिनेचें भोंक खालच्या पिनांपासून साधारण १८ इंच उंचीवर असतें. क्विक हिचच्या अमेरिकन प्रमाणांत आंकडा १५ इंचांवर असतो. म्हणजे खालचे जबडे बसले असें धरलें, तर आंकडा पिनेच्या तीन इंच खालीं राहतो. कांहीं चौकटींत आंकडा वरखालीं करतां येतो. तसा नसेल तर माथ्याच्या दोन पट्ट्यांत १५ इंचांवर नवें भोंक पाडणें हा सरळ उपाय. परंतु भोंक पाडून काम संपत नाहीं. आंकडा पिनेखालून वर येतो, तेव्हां पिनेखालीं मोकळी जागा हवी. जुन्या अवजारांत नेमका तेथेंच एखादा तिरपा आधार डागलेला असतो. दोन पट्ट्यांमधील फट आंकड्याच्या जाडीपेक्षां रुंद हवी. आणि वरची पिन खालच्या दोन पिनांच्या बरोबर उभ्या रेषेंत हवी. पुष्कळ कल्टिव्हेटरांचा माथा मागें कललेला असतो. असें अवजार चौकटींत बसविलें म्हणजे त्याचा माथा पुढें ओढला जातो, मागचे दांते वर उचलतात आणि पुढचे खोल रुततात. अंगुळभराचा फरक टॉप लिंक लांबवून काढतां येतो. त्याहून अधिक असेल तर माथ्यावर पुढें आलेल्या दोन जाड पट्ट्या डागून पिन पुढें आणावी लागते.

हें काम वाशीमच्या, रिसोडच्या वा कारंज्याच्या कोणत्याहि बऱ्या वेल्डिंगवाल्याला जमण्यासारखें आहे. त्याच्याजवळ कौशल्य असतें; नसतें तें कागदावरचें माप. म्हणून मालकानें ट्रॅक्टर व चौकट दोन्ही दुकानापाशीं नेऊन माप प्रत्यक्ष दाखवावें हें उत्तम. नवे कान लावतांना दोन्ही कानांच्या भोंकांतून एकच सरळ गोल सळई आरपार घालावी, मग टांका द्यावा, आणि सळई मोकळी फिरते असें पाहूनच पुरें वेल्डिंग करावें. वेल्डिंगच्या तापानें कान वांकडे होतात आणि मग एक पिन जबड्यांत बसली तरी दुसरी बसत नाहीं. वरच्या भोंकापासून दोन्ही खालच्या पिनांपर्यंत दोरीनें अंतर मोजावें. दोन्ही अंतरें सारखीं भरलीं पाहिजेत. गवंडी कोपरा तपासतांना जी युक्ति करतो तिचीच ही बहीण.

नांगर, कल्टिव्हेटर, सरीचें अवजार यांच्यापुरता प्रश्न येथें बहुतेक संपतो. रोटाव्हेटरचा संपत नाहीं. त्याला ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून फिरणारा दांडा जोडावा लागतो, आणि चौकट मध्यें आल्यामुळें अवजार सुमारें चार इंच मागें सरकतें. हा दांडा एकमेकींत शिरणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. अवजार मागें गेलें म्हणजे त्या नळ्या तितक्याच बाहेर निघतात, आणि रोटाव्हेटर वर उचलतांना वा खड्ड्यांतून जातांना त्या वेगळ्या होण्याचा धोका उत्पन्न होतो. सुटलेला दांडा मिनिटाला शेंकडों फेरे घेत असतो. त्याचें काय होतें हें वर्णन न केलेलें बरें. दांडा लांबीचा घ्यावा, आणि त्यावरचें संरक्षक आवरण काढून ठेवूं नये. शिवाय हा दांडा चौकट आपोआप जोडीत नाहीं. त्यासाठीं चालकाला खालीं उतरावेंच लागतें. तेव्हां इंजिन बंद करून किल्ली खिशांत घालूनच उतरावें. बाजारांत क्विक हिचची प्रशंसा ऐकतांना ही गोष्ट सहसा कानांवर पडत नाहीं.

भाराचा हिशेबहि करून पाहावा. समजा, ४०० किलोंचें पेरणीयंत्र चार इंच, म्हणजे दहा सेंटीमीटर, मागें सरकलें, आणि चौकटीचें स्वतःचें वजन ४५ किलो आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या आंसापासून चौकट ९५ सेंटीमीटरांवर आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर दोन मीटर धरलें, तर अवजार उचललेलें असतांना पुढच्या चाकांवरचा भार पूर्वींपेक्षां सुमारें ४० किलोंनीं कमी होतो. मोठ्या ट्रॅक्टरला हें जाणवणारहि नाहीं. लहान ट्रॅक्टर आधींच तोंड हलकें करून चालत असेल, तर बांध चढतांना त्याचीं पुढचीं चाकें जमीन सोडूं लागतील आणि सुकाणू फिरवूनहि तो वळणार नाहीं. सोयाबीनसाठीं कृषि विद्यापीठांनीं व कृषि खात्यानें प्रचारांत आणलेलें रुंद वरंबा-सरी पद्धतीचें पेरणीयंत्र बियांनीं व खतानें भरल्यावर बरेंच जड होतें. त्याच्या बाबतींत ही काळजी विशेष घ्यावी, आणि ट्रॅक्टरच्या पुढें वजनें लावावीं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षां चौकटीलाच जुळणारीं नवीं अवजारें कां घेऊं नयेत, असें शहरांतील श्रोता विचारील. त्याला एक जुना दाखला पुरेसा आहे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्व्हेस्टर या मातबर कंपनीनें ‘फास्ट हिच’ नांवाची स्वतःची झटपट जोडणी काढली. ट्रॅक्टर मागें घेतला कीं अवजाराचे दोन दांडे ट्रॅक्टरच्या खोबणींत शिरत आणि अडकत. यंत्र म्हणून ती रचना उत्तम होती. परंतु तिला त्या कंपनीचींच खास अवजारें लागत. शेतकऱ्याजवळ असलेलें तिहेरी जोडणीचें अवजार तिला चालत नसे. फर्ग्युसनची संथ जोडणी जगली, आणि ही चपळ जोडणी मागें पडली. जुन्या ट्रॅक्टरांचे शौकीन आतां तिला तिहेरी जोडणीचे तुकडे बसवून घेतात. याच कंपनीच्या सहकार्यानें महिंद्रांनीं १९६३ सालीं मुंबईंत ट्रॅक्टरची कंपनी काढली, हा योगायोग. भारतांत रुजली ती मात्र तिहेरी जोडणीच. शेतकऱ्याचें भांडवल ट्रॅक्टरपुरतें नसतें. तें गोठ्यामागें गंजत पडलेल्या अवजारांतहि असतें, आणि त्यांतलें एखादें वडिलांच्या वेळचें, एखादें शेजाऱ्याकडून निम्म्या किमतीला घेतलेलें, एखादें राजकोटकडचें तर एखादें पंजाबकडचें, असें असतें. तीं सारीं टाकून द्यावयास सांगणारें यंत्र त्याच्या उपयोगाचें नाहीं.

यूरोपांत याहून निराळे दोन मार्ग रूढ आहेत. एकांत ट्रॅक्टरवर त्रिकोण आणि प्रत्येक अवजारावर त्याच्याच मापाची त्रिकोणी खोबण बसवितात. दुसऱ्यांत अवजाराच्या पिनांवर पोलादी गोळे चढवितात, आणि ट्रॅक्टरच्या भुजांच्या टोकांनाच वर उघडणारे आंकडे असतात. जुन्या अवजारांना सर्वांत कमी हात लावावा लागतो तो या गोळ्यांच्या पद्धतींत, कारण उंचीचा १८ आणि १५ इंचांचा झगडा तेथें उद्भवत नाहीं. उलट ट्रॅक्टरच्या भुजांचीं टोकें बदलावीं लागतात. ज्याचा ट्रॅक्टर एकच आणि अवजारें पांचसहा निरनिराळ्या मापांचीं, त्यानें चौकट घेण्याआधीं या पद्धतीची चौकशी अवश्य करावी. ज्याच्याकडे एकच कल्टिव्हेटर असून तो सबंध हंगामभर ट्रॅक्टरला लटकलेला असतो, त्याला मात्र यांपैकीं कशाचीच गरज नाहीं, मग विक्रेता कांहींहि सांगो.

वाशीमसारख्या जिल्ह्यांत क्विक हिच अजून सर्रास दिसत नाहीं. तरी तिची जरुरी वाढत जाणार हें उघड आहे. पूर्वीं अवजार जोडावयास चार हात सहज मिळत. आतां मुलें शिकावयास अकोल्याला वा पुण्याला असतात, मजूर मिळत नाहीं, आणि साठीच्या घरांतला गृहस्थ एकटाच ट्रॅक्टर चालवितो. टॉप लिंक एका हातानें पेलून दुसऱ्या हातानें पिन घालणें त्याच्या खांद्याला झेपत नाहीं. मग तो शेजारच्या मुलाला हांक मारतो, आणि तो मुलगा पुन्हां त्याच हातभर जागेंत जाऊन उभा राहतो.

जुळवून घेतलेलें अवजार पहिल्यांदा जोडतांना तें नुसतें वीतभर उचलावें आणि बाजूनें जाऊन दोन्ही कड्या डोळ्यांनीं पाहाव्यात. एका बाजूची कडी बसली आणि दुसरी अर्धवट राहिली, तर अवजार शेतांत निभावून जातें आणि रस्त्यावर गचका बसतांच एका अंगावर कोसळतें. कडी मिटल्याचा आवाज ऐकला म्हणजे झालें, असें समजूं नये. इंजिनाच्या घरघरींत एका कडीचा आवाज दोन कड्यांसारखा वाटतो.

राहिली गोष्ट अवजार सोडून ठेवण्याची. क्विक हिच न चालल्याच्या तक्रारींत दोष पुष्कळदां मापाचा नसून येथें असतो. जुना कल्टिव्हेटर सोडला म्हणजे तो दांत्यांवर पुढें कलंडून पडतो. नांगर तर आडवाच होतो. हातानें जोडावयाचें असतां त्याचें विशेष नव्हतें, पहारेनें उचलून घेत. चौकटीला मात्र अवजार उभें, समतल आणि दर वेळीं त्याच उंचीवर मिळावें लागतें. त्यासाठीं प्रत्येक अवजाराला खालवर करतां येणारे दोन पाय डागून घ्यावे, आणि पायांखालीं रुंद पट्ट्या लावाव्या, नाहीं तर काळ्या मातींत ते पहिल्याच पावसांत रुततील. अंगणाचा एक कोपरा मुरूम टाकून, ठोकून, सपाट करून ठेवावा. हें सर्व मे महिन्यांत करावें. तेव्हां जमीन कोरडी असते, वेल्डिंगवाल्याला सवड असते, आणि प्रत्येक अवजार त्या कोपऱ्यांत पांचदहा वेळां जोडून-सोडून पाहण्यास पुरेसा वेळ मिळतो. मृग लागल्यावर त्याच वेल्डिंगवाल्याच्या दारांत तुटलेल्या दांत्यांची रांग लागलेली असते.